झायोनिझम आणि ज्यूंची मायभूमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इस्रायलची बातमी आली की आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांतल्या माणसांना शेजारी, ऑफिसातले सहकारी, मुलांच्या शाळेतले पालक तेच ते प्रश्न विचारतात. कुणी कुतूहलाने विचारतं, कुणी रागाने. दोघांनाही नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून हे पान. ज्यूंचं त्या भूमीशी असलेलं नातं खरं आहे, अशी इथे लिहिणाऱ्याची ठाम समजूत आहे. पण आम्हाला अडचणीचे असलेले प्रश्नही इथे टाळलेले नाहीत.

झायोनिझम म्हणजे नेमकं काय?

ज्यूंचा धर्म एक आहे, तसेच ते एक लोकही आहेत, आणि जगातल्या इतर लोकांप्रमाणे त्यांनाही आपल्या मूळ भूमीत स्वतःचं राष्ट्रीय घर असण्याचा हक्क आहे, असं मानणारी चळवळ म्हणजे झायोनिझम. झायन किंवा सियोन ही जेरुसलेममधली टेकडी. चळवळीला हे नाव १८९० मध्ये नाथान बिर्नबाउम या व्हिएन्नाच्या लेखकाने दिलं. त्या राष्ट्राच्या सीमा कुठे असाव्यात, सरकार कसं असावं, कोणत्या पक्षाचं असावं, हे झायोनिझममध्ये ठरलेलं नाही. त्यावर झायोनिस्ट आपापसात पहिल्या दिवसापासून भांडत आले आहेत.

ज्यू, इस्रायली आणि झायोनिस्ट हे एकच ना?

नाही. इस्रायलच्या नागरिकांपैकी साधारण पाचातला एक अरब आहे. जगातले निम्मे ज्यू इस्रायलच्या बाहेर राहतात, त्यातले सर्वाधिक अमेरिकेत. बहुतेक ज्यूंना इस्रायलबद्दल आपुलकी आहे, पण झायोनिझम न मानणारे ज्यूही आहेत आणि झायोनिस्ट असलेले ख्रिस्तीही.

दोन हजार वर्षांपूर्वी सुटलेल्या जागेशी कुणाचं नातं कसं काय राहू शकतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नातं रोजच्या जगण्यात राहिलं, म्हणून ते टिकलं.

सुक्कोथचा सण संपताना, म्हणजे साधारण दसऱ्याच्या आसपास, जगभरातल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांत, पावसासाठी खास प्रार्थना होते. कोकणातला माणूस हे ऐकून चक्रावतो. त्या दिवसांत इकडे भात कापणीला आलेलं असतं. आता पाऊस आला तर आडवं पडलेलं पीक शेतातच कुजणार. मग अलिबागचा ज्यू त्या वेळी पाऊस का मागतो? कारण तो पाऊस अलिबागसाठी नसतो. गॅलिलीच्या आणि यहुदियाच्या डोंगरांवर पावसाळा तेव्हा सुरू होतो. ज्या शेतात त्याच्या कित्येक पिढ्यांनी पाय ठेवला नाही, त्या शेतासाठी तो पाऊस मागत असतो.

असंच ‘तू बिश्वात’चं. हा झाडांचा नववर्षदिन जानेवारी-फेब्रुवारीत येतो, जेव्हा इस्रायलात बदामाला फुलं येतात. आमच्याकडे तेव्हा आंब्याला मोहोर असतो. बेने इस्रायल लोक या दिवसाला एलियाहू हनाबीचा उरूस म्हणतात. घराघरांत मलिदा होतो: भिजवलेले पोहे, साखर, खवलेलं ओलं खोबरं, वेलची, बेदाणे, वर फळांच्या फोडी. ताटाभोवती सगळी जमतात आणि प्रेषित एलियाहूची प्रार्थना म्हणून मगच प्रसाद वाटला जातो.

आणि बिरडं. जेरुसलेमचं मंदिर दोनदा पडलं, त्याचा शोक ज्यू लोक आव महिन्याच्या नवमीला उपास करून पाळतात. कोकणातले आमचे पूर्वज हिब्रू जवळजवळ पूर्ण विसरले होते. ‘शेमा इस्रायल’ ही एक प्रार्थना, सुंता, खाण्याचे नियम आणि शनिवारची सुटी एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं. तरी हा दिवस त्यांनी सोडला नाही. त्यांनी त्याला ‘बिरड्याचा सण’ म्हटलं, कारण त्या वेळी मोड आलेल्या वालाचं बिरडं करायची रीत पडली. कुठलं जेरुसलेम, कुठले रोमन, आणि कुठे रायगड जिल्ह्यातल्या ज्यू तेल्याच्या घरातलं वालाचं बिरडं!

याशिवाय पेसाहच्या (इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या) रात्री ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ असं म्हणणं आहेच. लग्नाच्या आनंदातही मंदिराची आठवण म्हणून काचेचा पेला फोडतात. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून होते, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेकडे आणि लंडनमधून आग्नेयेकडे.

याला पुरावा काय? सगळं धर्मग्रंथातलंच तर आहे.

ग्रंथाबाहेरचा पुरावा भरपूर आहे. इजिप्तचा फॅरो मर्नेप्ताह याच्या इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात कनानमधले (हे त्या भूमीचं जुनं नाव) एक लोक म्हणून ‘इस्रायल’चा उल्लेख आहे. १९९३ साली तेल दानच्या उत्खननात सापडलेल्या इ. स. पू. नवव्या शतकातल्या शिलालेखात दाविदाच्या घराण्याचं नाव येतं, आणि तो लेख शत्रुराजाने कोरवलेला आहे. जेरुसलेममध्ये हिज्कीया राजाच्या काळात खोदलेल्या पाण्याच्या बोगद्यातला प्राचीन हिब्रू लेख १८८० मध्ये सापडला. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुम्रानच्या गुहांत दोन हजार वर्षांपूर्वीची हिब्रू हस्तलिखितं मिळत गेली.

सगळ्यात बोलका पुरावा जिंकणाऱ्यांनीच ठेवला आहे. इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने मंदिर जाळलं. रोममध्ये त्याच्या नावाची कमान आजही उभी आहे आणि तिच्या आतल्या बाजूला मंदिरातली सात फाट्यांची दीपमाळ खांद्यावर वाहून नेणारे रोमन कोरलेले आहेत. त्या विजयाची नाणीही पाडली गेली: मध्ये खजुराचं झाड, त्याखाली शोक करत बसलेली बाई, आणि भोवती ‘यहुदिया जिंकली’ अशा अर्थाची अक्षरं.

इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटकेच्या कथेला मात्र असा ठोस पुरातत्त्वीय आधार मिळालेला नाही, हेही सांगायला हवं. बायबलमधलं सगळंच उत्खननाने सिद्ध झालं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

रोमनांनी सगळ्या ज्यूंना हाकलून दिलं होतं ना?

सगळ्यांना नाही. १३२ ते १३५ मधलं बार कोखबाचं बंड मोडल्यावर सम्राट हेड्रियनने जेरुसलेममध्ये ज्यूंना बंदी केली आणि प्रांताचं यहुदिया हे नाव बदलून सीरिया पॅलेस्टिना केलं. ज्यू वस्ती उत्तरेला गॅलिलीत सरकली. इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना हा कायद्याचा मोठा संग्रह तिथेच पूर्ण झाला, पुढे जेरुसलेम तालमूद हा मिश्नावरच्या चर्चांचा संग्रहही तिथेच. सोळाव्या शतकात साफेद या डोंगरी गावात योसेफ कारो आणि इसाक लुरिया यांच्यासारखे विद्वान राहत होते. जेरुसलेम, हेब्रॉन, साफेद आणि तिबेरिया ही चार पवित्र शहरं मानली जातात. संख्या रोडावत गेली, अनेक शतकं ज्यू तिथे मूठभरच होते, पण धागा तुटला नाही.

मग चळवळ एकोणिसाव्या शतकातच का उभी राहिली?

युरोपमुळे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ज्यूंना सांगितलं गेलं की आमच्यासारखे व्हा, आमची भाषा बोला, म्हणजे तुम्हीही बरोबरीचे नागरिक. कित्येकांनी मनापासून तसं केलं. १८८१ मध्ये रशियात झार दुसऱ्या अलेक्झांडरचा खून झाला आणि ज्यू वस्त्यांवर दंगलींची लाट आली. ओडेसाचे डॉक्टर लिओन पिन्स्कर तोवर रशियन समाजात मिसळून जाण्याचे पुरस्कर्ते होते. १८८२ मध्ये त्यांनी पुस्तिका लिहून सांगितलं की दुसऱ्याच्या दयेवर मिळालेली मुक्ती टिकत नाही. त्याच वर्षी तरुणांचे गट जाफा बंदरावर उतरले आणि रिशोन लेझियोनसारखी गावं वसू लागली.

थिओडोर हर्झल नंतर आले. व्हिएन्नाच्या वर्तमानपत्राचे ते पॅरिसमधले वार्ताहर. १८९४ साली कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला, तेव्हा ते तिथेच होते. १८९६ मध्ये त्यांनी ज्यू राष्ट्राची मांडणी करणारं छोटं पुस्तक काढलं आणि ऑगस्ट १८९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरवली. १९०४ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, ते गेले.

ज्यूंना फक्त कुठली तरी जागा हवी होती. युगांडाही चाललं असतं, खरं का?

हे नेमकं उलट आहे. १९०३ मध्ये ब्रिटनने पूर्व आफ्रिकेत जागा देऊ केली (ती आजच्या केनियात येते). त्याच वर्षी किशिनेव्हमध्ये ज्यूंची कत्तल झाली होती, आसरा तातडीने हवा होता, म्हणून हर्झलनी तो प्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवला. विरोधात सगळ्यात आवेशाने उभे राहिले ते रशियाचे प्रतिनिधी. ज्यांची घरं जळत होती त्यांनीच नाही म्हटलं. १९०५ मध्ये प्रस्ताव कायमचा फेटाळला गेला. नुसती जागा हवी असती तर तो फेटाळायचं काही कारण नव्हतं.

ज्यूंमध्येच विरोध होता म्हणतात?

होता, आणि जोरदार. बऱ्याच कर्मठ रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, म्हणणं होतं की परत नेण्याचं काम ईश्वर पाठवील त्या मसीहाचं आहे, माणसांनी त्यात हात घालू नये. १८९७ मध्येच विल्नात स्थापन झालेला ‘बुंद’ हा ज्यू कामगारांचा समाजवादी पक्ष म्हणायचा की आम्ही जिथे आहोत तिथेच हक्कांसाठी लढू. ब्रिटिश मंत्रिमंडळातले एकमेव ज्यू सदस्य एडविन माँटेग्यू, म्हणजे आपल्या शाळेच्या इतिहासातले माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवाले भारतमंत्री, यांनी १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याला, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर व्हावं या ब्रिटनच्या घोषणेला, कडाडून विरोध केला होता. त्यांना भीती वाटे की यामुळे प्रत्येक देशातला ज्यू परका ठरेल.

झायोनिस्टांतही प्रवाह अनेक. लेखक अहाद हाम यांना राज्यापेक्षा संस्कृतीचं केंद्र हवं होतं. पुढे इस्रायलचे पहिले पंतप्रधान झालेले बेन-गुरियन कामगार आणि किबुत्झवाले (किबुत्झ म्हणजे सामूहिक शेतीची वसाहत). जाबोटिन्स्की कडवे राष्ट्रवादी. रब्बी कूक यांना त्यात ईश्वराचा हात दिसे. जेरुसलेममध्ये १९२५ साली स्थापन झालेला ‘ब्रित शालोम’ हा गट तर ज्यू आणि अरब यांचं एकच सामाईक राज्य मागत होता.

हिब्रू ही मृत भाषा होती ना?

लिहिण्या-वाचण्यात आणि प्रार्थनेत ती जिवंत होती. घरात कुणी बोलत नव्हतं. एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आले आणि घरात फक्त हिब्रू बोलायची असं त्यांनी ठरवलं. त्यांचा मुलगा इतामार या भाषेतच वाढला. आज लाखो लोक तिच्यात भाजी घेतात आणि भांडतात.

झायोनिझम हा युरोपीय वसाहतवादच नव्हता का?

या आरोपात काही अंश खरा आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या आसऱ्याखाली, बाल्फोर जाहीरनामा आणि मग राष्ट्रसंघाचा मॅंडेट (पॅलेस्टाईनचा कारभार ब्रिटनकडे सोपवणारा अधिकार) यांच्या आधारावर, ही वस्ती वाढली. तिथल्या अरब बहुसंख्याकांना कुणी विचारलं नव्हतं. ‘वसाहत’ हा शब्द तर सुरुवातीचे झायोनिस्ट स्वतःच वापरत.

पण वसाहत करणाऱ्याला मागे एक मायदेश असतो, तिथून तो येतो, नफा तिथे पाठवतो, आणि जमलं नाही तर परत जातो. किशिनेव्हच्या ज्यूला परत जायला काय होतं? आणि इस्रायलातले सगळे ज्यू युरोपचे नाहीतच. १९४९-५० मध्ये येमेनमधून सुमारे ४९ हजार आले, १९५०-५१ मध्ये इराकमधून सव्वा लाखाच्या आसपास. इराकच्या ज्यूंचा इतिहास बाबिलोनच्या बंदिवासापर्यंत, म्हणजे अडीच हजार वर्षं मागे जातो. मुंबई-पुण्यात ज्यांची नावं दगडांवर कोरलेली दिसतात ते ससून याच बगदादचे. मे १९९१ मध्ये इथिओपियातून १४ हजारांवर ज्यू दीड दिवसात विमानांनी आणले गेले. या माणसांना युरोपचे वसाहतकार म्हणणं म्हणजे त्यांचा इतिहासच पुसणं.

मग तिथे आधीपासून राहणाऱ्या अरबांचं काय?

ती भूमी रिकामी कधीच नव्हती. १९१४ च्या सुमारास तिथे सहा लाखांहून जास्त अरब होते आणि ज्यू एक लाखाच्या आतच. १८९१ मध्येच अहाद हाम यांनी तिथे जाऊन आल्यावर बजावलं होतं की पेरणीयोग्य जमीन मोकळी पडलेली नाही आणि आपली काही माणसं अरबांशी वाईट वागत आहेत. त्यांचं पुरेसं ऐकलं गेलं नाही.

जमिनी बहुतांशी विकत घेतल्या गेल्या. पण विकणारे बरेचदा बैरुतसारख्या शहरात बसलेले बडे जमीनदार, आणि जमीन कसणारी कुळं वेगळी. यिझ्रेल खोऱ्यात व्यवहार कायदेशीर झाला आणि कुळांना उठावं लागलं. कुळकायद्याच्या महाराष्ट्रात यातलं दुःख समजावून सांगायला नको.

२९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीचा ठराव केला. ज्यू नेतृत्वाने तो स्वीकारला, अरब नेतृत्वाने नाकारला. लढाई पेटली, १४ मे १९४८ ला बेन-गुरियन यांनी इस्रायलची घोषणा केली, पाठोपाठ शेजारच्या अरब देशांची सैन्यं आत आली. त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. काही भीतीने पळाले, काहींना हाकललं गेलं, आणि परत येऊ दिलं गेलं नाही. ते या उत्पाताला ‘नकबा’ म्हणतात. पुढच्या काही दशकांत अरब देशांतून आठ लाखांवर ज्यूंना बाहेर पडावं लागलं. एका दुःखाने दुसऱ्याची फेड होत नाही.

१९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँक इस्रायलच्या ताब्यात आली. तिथल्या ज्यू वसाहती जगातले बहुतेक देश बेकायदा मानतात. लाखो पॅलेस्टिनी तिथे दुसऱ्याच्या लष्करी अमलाखाली राहतात. ७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या हमास या सशस्त्र संघटनेने सुमारे १२०० माणसं मारली आणि अडीचशे जणांना ओलीस नेलं; त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे, तिथले मृत पन्नास हजारांच्या पुढे गेले.

आमचं मत असं की ज्यूंचं त्या भूमीशी नातं खरं आहे आणि पॅलेस्टिनींचंही तितकंच खरं आहे. एकाचं सिद्ध करायला दुसऱ्याचं खोडावं लागतं, असं सांगणारी माणसं दोन्हीकडे आहेत. त्यांनीच सगळ्यात जास्त नुकसान केलं.

होलोकॉस्टची भरपाई म्हणून इस्रायल दिला गेला का?

१९४७ च्या मतदानावर होलोकॉस्टची, म्हणजे नाझींनी केलेल्या साठ लाख ज्यूंच्या हत्येची, छाया नक्कीच होती. पण तोवर तिथे सहा लाख ज्यू, विद्यापीठ, इस्पितळं, कामगार संघटना, वर्तमानपत्रं सगळं उभं होतं. होलोकॉस्टने सिद्ध केलं ते वेगळंच. १९३८ मध्ये एव्हियाँला ३२ देश निर्वासितांसाठी जमले आणि जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. पुढच्याच वर्षी ब्रिटनने पॅलेस्टाईनचं दारही पाच वर्षांत ७५ हजार एवढंच किलकिलं ठेवलं.

भारताने काय भूमिका घेतली?

गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये लिहिलं की इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं, आणि जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी जेरुसलेमहून खुलं पत्र लिहून उत्तर दिलं. बुबर स्वतः अरबांशी समेट हवा असलेले, गांधीजींना मानणारे. म्हणूनच त्या पत्रातली कळकळ खरी वाटते. नाझींच्या छळछावणीत सत्याग्रहाला साक्षीदार कोण, हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

१९४७ मध्ये भारताने फाळणीऐवजी संघराज्याचा आग्रह धरला आणि ठरावाच्या विरोधात मत दिलं. सप्टेंबर १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, मुंबईत वाणिज्य दूतावासही आला, पण पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जुळले.

बेने इस्रायलांना भारतात कसलाच त्रास नव्हता. मग ते का गेले?

त्रास खरोखरच नव्हता, हे आम्ही जगभर अभिमानाने सांगतो. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. त्यांचे वंशज गावोगाव घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर ही आडनावं त्या गावांचीच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातही या समाजात मध्यपूर्वेचा आणि भारताचा असा दुहेरी वारसा दिसला.

१८९७ च्या झायोनिस्ट काँग्रेसचं आमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांनाही आलं होतं. परत नेणारा हात ईश्वराचाच असेल, असं म्हणत समाजाने ते नाकारलं. पन्नास वर्षांनी मात्र घरंच्या घरं तिकडे निघाली. कुणी श्रद्धेने गेलं, कुणी नोकरी-घराच्या आशेने, कुणी बहिणीचं कुटुंब गेलं म्हणून.

तिथे सगळं गोड नव्हतं. वाळवंटातल्या नव्या गावांत पाठवणी झाली, रंगावरून बोलणी ऐकावी लागली. १९५१-५२ मध्ये काहींनी धरणं धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि काही परतलेही. पुढे रब्बींच्या वरिष्ठ मंडळाने लग्नाच्या वेळी बेने इस्रायलांची वंशावळ तपासायचा आदेश काढला. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळलेल्या माणसाला ‘तू ज्यू आहेस का’ असं जेरुसलेममध्ये विचारलं गेलं. समाज रस्त्यावर उतरला. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने, म्हणजे क्नेसेटने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. हा लढा झायोनिझम सोडून दिलेल्यांचा नव्हता. दिलेला शब्द पाळा, एवढंच मागणाऱ्यांचा होता.

तिकडे गेलेले मराठी विसरले का?

जुनी पिढी विसरलेली नाही. अश्दोद, दिमोना, लोद, रामला इथे मराठी कानावर पडते, महाराष्ट्र दिन साजरा होतो, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. नातवंडं हिब्रूत बोलतात, त्यांना मलिदा मात्र लागतो.

इस्रायलच्या सरकारवर टीका म्हणजे ज्यूद्वेष का?

नाही. २०२३ मध्ये आठवड्यामागून आठवडे लाखो इस्रायली स्वतःच्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर होते. टीका धोरणावर करा, नेत्यावर करा, वसाहतींवर करा. जगातल्या इतर लोकांना राष्ट्र असावं आणि ज्यूंना तेवढं नसावं, असं म्हटलं की मात्र आम्हाला कारण विचारावंसं वाटतं. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी झायोनिझमला वंशवाद ठरवणारा ठराव केला होता, भारताने बाजूने मत दिलं होतं. १९९१ मध्ये तो मागे घेतला गेला, तेव्हा भारताने मागे घेण्याच्या बाजूने मत दिलं. आणि इस्रायलवरचा राग इथल्या ज्यूवर काढणं हा निव्वळ द्वेष. २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये मुंबईने तो पाहिला आहे.

हा वारसा महाराष्ट्रात कुठे पाहता येईल?

अलिबागला इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे, जवळच नवगावला पूर्वजांचं स्मारक. मुंबईत मशीद बंदरजवळ १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी सुरू केलेलं शाआर हारहामीम, काळाघोड्याला निळं केनेसेथ एलियाहू, पुण्यात कॅम्पातलं लाल देऊळ. जाण्याआधी फोन करून विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा, शनिवारी फोटो काढू नका. पुरुषांनी डोकं झाकावं. टोपी नसेल तर रुमाल चालतो.